रक्त आमचे, पेढी त्यांची. मग हिशेब कोणी ठेवायचा?

९ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने देशातील १० हजार नागरिकांच्या जनुकांची संपूर्ण माहिती संशोधकांसाठी खुली केली. 'जीनोम इंडिया' या प्रकल्पाला २०२० साली मंजुरी मिळाली होती. २० संस्थांनी देशभर फिरून ८३ समाजगटांतील सुमारे २० हजार लोकांचे रक्त गोळा केले. ते रक्त बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राच्या पेढीत ठेवले गेले आणि त्यातून निघालेली माहिती फरिदाबादच्या सरकारी माहिती केंद्रात साठवली गेली. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. विज्ञानाची झेप, देशाचा गौरव वगैरे सर्व काही लिहून झाले. एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ज्यांच्या दंडातून हे रक्त निघाले, त्यांचे या पेढीत खाते आहे काय?

आमचे काही वाचक म्हणतील की रोजगार, आरक्षण, अत्याचार हे विषय सोडून हे रक्ताच्या बाटल्यांचे काय काढले? पण हा विषय आमच्या दारात येऊन उभा आहे. पालघर जिल्ह्यातील पाड्यापाड्यांवर सिकलसेलसाठी बोटातून रक्त घेतले जाते. डहाणूला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ग्रामीण संशोधन केंद्र चालते. तारापूर अणुवीज केंद्राच्या परिसरातील कर्करुग्णांची नोंद टाटा मेमोरियल केंद्राच्या नोंदणीत होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची वैद्यकीय तपासणी होते. म्हणजे रक्त जाते, नोंद होते, कागद तयार होतो. पुढे तो कागद कोठे जातो आणि त्याचे काय होते, हे रक्त देणाऱ्याला कळत नाही. तेव्हा हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. तो हक्काचा आहे, म्हणून चळवळीचा आहे.

आधी साध्या शब्दांत विषय समजून घेऊ. रक्त, लघवी, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा हे उणे ८० अंशाच्या शीतकपाटात किंवा त्याहून थंड अशा द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकवता येते. असे नमुने, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्या माणसाचे वय, लिंग, गाव, जात-जमात, काम, आजार ही माहिती, जेथे रीतसर जपून ठेवली जाते ती बायोबँक, म्हणजे जैवपेढी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गाठींच्या नमुन्यांचा असा संग्रह आहे. इंग्लंडच्या पेढीत तर पाच लाख लोकांचे नमुने आणि माहिती आहे. एका रुग्णालयाकडे एखाद्या दुर्मिळ आजाराचे पन्नास नमुने असले तर त्यातून काही सिद्ध होत नाही. दहा संस्थांनी आपापले नमुने आणि नोंदी एकमेकांना खुल्या केल्या तर आजाराचे कारण सापडू शकते, औषध सापडू शकते. म्हणून संस्थांनी माहिती वाटून घ्यावी असा आग्रह जगभर धरला जातो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ साली त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

हा आग्रह चुकीचा आहे काय? मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे की माहिती वाटून घेण्याची सर्वात जास्त गरज कोणाला असेल तर ती पालघरच्या माणसाला आहे.

बोईसर-तारापूरकडे पाहा. तारापूरच्या अणुभट्ट्यांतून १९६९ साली वीज निघू लागली. पुढे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यापायी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, रंग, पोलाद, कापड, सगळे तेथे. सांडपाणी नवापूर-दांडीच्या बाजूला समुद्रात. मासळी गेली म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचा दरवाजा ठोठवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये येथील एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार मेले. एवढ्या लहान पट्ट्यात विस्थापित, मच्छीमार, आदिवासी आणि कंत्राटी कामगार अशी चार प्रकारची माणसे एकाच वाऱ्यात श्वास घेतात, एकाच भूजलावर जगतात. त्यांना कोणते आजार होतात? इतरांपेक्षा जास्त होतात की नाही? कर्करोग वाढला आहे की तो नुसताच गवगवा आहे? या प्रश्नांची उत्तरे ना मोर्चातून मिळतील, ना कंपनीच्या पत्रकातून. ती नोंदींतूनच मिळतील.

आणि नोंदींची अवस्था काय आहे? पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा जिल्हा झाला. परंतु मोठ्या आजाराचा रुग्ण आजही जिल्ह्याबाहेर धाव घेतो. तलासरी-डहाणूचा माणूस वापी-वलसाडला, जव्हार-विक्रमगडचा सिल्वासा किंवा नाशिकला, पालघर-बोईसरचा लोकलने मुंबईला. म्हणजे एकाच तालुक्यातील दोन शेजाऱ्यांचे कागद दोन राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात विखुरलेले. त्यात कंत्राटी कामगार आज या कारखान्यात, सहा महिन्यांनी त्या कारखान्यात. आणि दुखणे बळावले की बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातील आपल्या गावी. तो मेला तर तेथे मेला. तारापूरच्या हवेचा त्याच्या मरणाशी संबंध होता की नव्हता, हे सांगणारी नोंद कोणाकडेच नाही. संस्थांनी माहिती एकत्र केली नाही तर हा माणूस आकडेवारीतूनही विस्थापित होतो. गावातून एकदा उठवला, कागदावरून दुसऱ्यांदा.

भोपाळने हा धडा दिलेला आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने अभ्यास सुरू केले आणि १९९४ साली ते आवरते घेतले. त्या दीर्घकालीन पाहणीचा तांत्रिक अहवाल २००४ साली बाहेर आला! दरम्यान पीडित माणूस नुकसानभरपाईच्या न्यायालयात आपला आजार वायूमुळेच झाला हे सिद्ध करीत उभा होता. पुरावा कोणाजवळ होता? सरकारी कपाटात. ज्याच्या शरीरातून पुरावा निघाला, त्याच्याच हाती तो वेळेवर लागला नाही. माहिती दाबून ठेवणे हाही अन्यायच असतो.

म्हणून तारापूरबाबत एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. अणुवीज केंद्र चालविणारे महामंडळ अणुऊर्जा खात्याचे. अणुवीज केंद्राभोवतीच्या कर्करोगाची नोंद ठेवणारे टाटा मेमोरियल केंद्रही १९६२ पासून त्याच खात्याच्या छत्राखाली. टाटा रुग्णालयाचे उपकार आमचा समाज विसरणार नाही. १९४१ पासून लाखो गोरगरिबांना तेथे उपचार मिळाले. तेथील डॉक्टरांच्या प्रामाणिकपणावर आम्ही बोट ठेवत नाही. परंतु न्यायाचे एक साधे तत्त्व आहे की कोणी स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश असू नये. एकाच खात्याकडे भट्टी आणि त्याच खात्याकडे भट्टीभोवतीच्या आजारांची वही असेल, तर निष्कर्ष शंभर टक्के खरा असूनही लोकांचा त्यावर विश्वास बसणार नाही. उपाय एकच. नावगाव काढून टाकलेली ती माहिती रीतसर अर्जावर बाहेरच्या संस्थांना, विद्यापीठांना, लोकसंख्या विज्ञान संस्थेला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला तपासायला मिळाली पाहिजे. दोन स्वतंत्र संस्था एकाच निष्कर्षाला आल्या तर दांडी-घिवलीचा माणूसही तो मानेल. येथे माहिती वाटून घेणे म्हणजे लोकांचा विश्वास कमावणे आहे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वाचकांशी बेइमानी करू.

माहिती वाटून घेण्याच्या नावाने शोषितांच्या शरीराचा बाजार मांडल्याची उदाहरणे जगात कमी नाहीत. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून सुमारे ४०० उपदंशग्रस्त काळ्या माणसांना उपचार न देता नुसते 'पाहत' ठेवले गेले; पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. हे पाप १९७२ साली उघडकीस आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. काळ्यांच्या लढ्याशी आमचे नाते तेव्हापासूनचे आहे, तेव्हा त्यांच्या शरीरावर झालेला अन्याय आम्हाला परका नाही. अमेरिकेच्याच ॲरिझोना राज्यात हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाच्या संशोधनासाठी विद्यापीठाला रक्त दिले. ते रक्त त्यांना न सांगता मनोविकार, आप्तसंबंधातील विवाह आणि जमातीचे मूळ स्थलांतर या विषयांवर वापरले गेले. जमात कोर्टात गेली. २०१० साली विद्यापीठाला ४१ जणांना ७ लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले रक्त परत करावे लागले. मूठभर आदिवासींनी विद्यापीठाकडून आपले रक्त परत मिळवले! ही लढाई आमच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी.

आणि आपल्याकडे? २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा अभ्यास-प्रकल्प राबवला गेला. खम्ममच्या मुलींत आदिवासी वसतिगृहांतील पोरी मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या आईबापांच्या जागी संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. आमचा आक्षेप लसीला नाही. लस चांगली असू शकते. आक्षेप सहीला आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू आणि जव्हार प्रकल्पांखाली आश्रमशाळांचे जाळे आहे. तेथे रक्त घेताना सही कोणाची असते, आईबापाची की मुख्याध्यापकाची, हे पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने जंगलातील वनस्पतीचा व्यापारी उपयोग करणाऱ्या कंपनीला फायद्यातील वाटा देण्याचे बंधन घातले. पण त्याच कायद्याच्या व्याख्येतून माणसाचे जनुकीय द्रव्य वगळले आहे. म्हणजे जव्हारच्या रानातील मुळीचा मोबदला आहे, मुळी खणणाऱ्या वारल्याच्या रक्ताचा नाही! २०१६ साली परदेश व्यापार खात्याने मानवी नमुने परदेशी पाठविण्यावरील पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला अटींवर सूट दिली आहे आणि आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढण्याची २०१९ च्या विधेयकातील तरतूद उरलेली नाही. उलट याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलमात बदल करून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली उत्तर नाकारण्याचा रस्ता रुंद केला. सामान्य माणसाला माहिती मागायची तर दार बंद, आणि सामान्य माणसाची माहिती घ्यायची तर दार उघडे. हा उफराटा न्याय आहे.

मग आमच्या हाती काहीच नाही काय? आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की नमुन्याचा मालक तो देणारा माणूस. संस्था केवळ विश्वस्त. संमती त्याच्या भाषेत, समजेल अशी घ्यावी. पुढील वापराला हो किंवा नाही म्हणण्याचे पर्याय द्यावेत. संमती मागे घेता यावी. लहान मुलाचा नमुना ठेवला तर तो सज्ञान झाल्यावर त्याला पुन्हा विचारावे. एथिक्स कमिटीवर शास्त्रज्ञांखेरीज सामान्य नागरिकही असावा. किती सुंदर तत्त्वे! पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. आणि एथिक्स कमिटीवरचा तो 'सामान्य नागरिक' कोण असतो? बोईसरचा कंत्राटी कामगार, सातपाटीची कोळीण, मोखाड्याचा कातकरी असतो काय? प्रतिनिधित्वाचा प्रश्न विधिमंडळात आणि नोकरीतच असतो असे नाही. तो शीतकपाटाच्या किल्लीपाशीही असतो.

सिकलसेलच्या उदाहरणाने हे सर्व नीट कळेल. विदर्भातील आमच्या बौद्ध समाजात आणि राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच जगाला सांगितले होते. सात दशके होत आली. या काळात आमच्या रक्तावर किती प्रबंध झाले, किती पदव्या मिळाल्या! १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. तपासणीचे आम्ही स्वागत करतो. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळणे चांगलेच. पण तपासणीनंतर मिळणारे रंगीत कार्ड उद्या मुलीच्या लग्नात आडवे आले, कंत्राटदाराने ते पाहून कामावरून काढले, तर दाद कोठे मागायची? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सरकारी जनुक संस्थेने सिकलसेलवरील जनुकीय उपचाराचे तंत्र जाहीर केले. नाव दिले 'बिरसा १०१'. हे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले. अमेरिकेत अशाच उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. नाव बिरसाचे, ज्ञान आदिवासींच्या रक्तातून आलेले. तेव्हा किंमत ठरताना आदिवासीला आणि दलिताला तो उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल, असा करार आधी झाला पाहिजे. उपकार म्हणून नव्हे, वाटा म्हणून.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. नाव काढले की माणूस अनामिक होतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. कोट्यवधींच्या लोकसंख्येत ते खरे असेल. पण नोंदीत 'कातकरी, मोखाडा, स्त्री, अमुक वय, अमुक आजार' एवढे राहिले तर गावात तिला कोण ओळखणार नाही? आणि एखाद्या निष्कर्षाचा डाग पडला तर तो त्या बाईवर पडत नाही, अख्ख्या जमातीवर पडतो. जातीचा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या वागवलेल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून समूहाच्या माहितीला समूहाचीही संमती हवी. पालघर जिल्ह्याचा बराच भाग पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ चा पेसा कायदा तेथे ग्रामसभेला अधिकार देतो. वाळूच्या ठेक्याला ग्रामसभा विचारायची आणि पाड्याच्या रक्ताला विचारायची नाही, हे चालणार नाही.

बाबासाहेबांचे एक उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. इंग्रजी आमदानीत रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी लोकांची नाके-डोकी मोजली आणि त्यावरून जाती म्हणजे वेगवेगळे वंश असा सिद्धांत उभा केला. बाबासाहेबांनी ती मोजमापे जाळा असे म्हटले नाही. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी तेच आकडे हाती घेतले, घुर्ये यांनी मांडलेली कोष्टके तपासली आणि त्याच आकड्यांतून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद सिद्ध होत नाही. आकडे दुसऱ्याने, दुसऱ्या हेतूने गोळा केलेले. प्रश्न मात्र बाबासाहेबांचा. माहिती खुली असली आणि ती वाचणारा आपला माणूस असला की काय होते, याचा याहून मोठा पुरावा नको. म्हणून 'रक्त देऊ नका' अशी हाळी आम्ही देणार नाही. रक्त द्या, पण हिशेब मागा. आणि आपल्या पोरांना तो हिशेब वाचण्याइतके संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवा.

आमच्या मागण्या थोडक्यात अशा. जैवपेढ्यांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा करावा आणि देणाऱ्याची मालकी, संमती मागे घेण्याचा हक्क व फायद्यातील वाटा त्यात लिहावा. तारापूर परिसराची कर्करोग नोंदणी, प्रदूषणाची मोजमापे आणि कामगारांच्या आरोग्य-नोंदी नावे वगळून एकत्र जोडाव्यात व खात्याबाहेरील संशोधकांना खुल्या कराव्यात. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-सी आले, धोकादायक रसायनांशी काम करणाऱ्या कामगाराला स्वतःची आरोग्य-नोंद पाहण्याचा हक्क मिळाला. नव्या कामगार संहितांच्या राजवटीत हा हक्क कंत्राटी कामगारापर्यंत प्रत्यक्ष पोहोचावा आणि कारखाना बदलला तरी त्याची नोंद त्याच्यासोबत जावी. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय संशोधनासाठी नमुने घेऊ नयेत. आणि प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत, त्याच गावात, वाचून दाखवावा.

सरकार हे उद्याच करील असा भ्रम आम्हाला नाही. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे. पुढच्या वेळी पाड्यावर, वस्तीत किंवा कारखान्याच्या फाटकावर रक्त घेणारी गाडी आली की शांतपणे चार प्रश्न विचारावेत. हे रक्त उपचारासाठी की संशोधनासाठी? उरलेले कोठे ठेवणार? कोणाकोणाला देणार? आणि निकाल आम्हाला कधी सांगणार? उत्तर कागदावर घ्यावे, त्याची प्रत ग्रामपंचायतीत आणि संघटनेच्या फाइलमध्ये ठेवावी. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला राग येईल, त्याला रक्त देण्याआधी वस्तीची बैठक बोलवावी.